आठव्या क्लबाला दिलेला पास

बाबांचा हा नववा क्लब. फुटबॉलच्या खालच्या लीगमधला बचावपटू म्हणजे भाडेकरूच, करार संपला की चंबूगबाळं उचलायचं. त्यापायी मुलीच्या चार शाळा झाल्या होत्या. या शाळेत तिला जिवाभावाची मैत्रीण मिळाली होती, त्यामुळे बाबा इथे टिकावेत एवढंच तिला हवं होतं. करार वाढवायचा की नाही, ते प्रशिक्षक आजच्या सामन्यानंतर सांगणार होते.

सामना नेमका आठव्या, म्हणजे बाबांच्या मागच्याच क्लबाशी होता. शेवटच्या दहा मिनिटांत चेंडू बाबांकडे आला आणि मागून ओळखीची हाक आली, "दादा, इकडे." दोन मोसम त्या हाकेसरशी बाबांचा पाय वळत आला होता. आजही वळला. पास इतका सुरेख गेला की जुन्या दोस्ताला गोल करायला नुसता पाय लावावा लागला.

सामना गेला. बाबा खाली मान घालून बाहेर आले, तर दारात वाट बघणाऱ्या मुलीशेजारीच प्रशिक्षक उभे.

"त्याने दादा म्हटलं म्हणून दिलास?"

"सवय हो, सर. जर्सी बघायची राहिली."

"आपली पोरं तोंडात मिठाची गुळणी धरून पळतात. हाक मारल्यावर तू असा पास देतोस, हे त्यांना कुठे ठाऊक? पुढच्या वर्षी त्यांना ओरडायला शिकव."

"म्हणजे आपण राहतोय?" मुलीने विचारलं.

"राहतोय. आता हसू नकोस, आपण हरलोय," बाबा कुजबुजले आणि स्वतःच हसले.