गाडीचं तोंड देवीकडे

रविवारी बोईसरचा निमेश गाडी बघायला येणार होता आणि गुरुवार उजाडला तरी गाडीला स्टिअरिंग नव्हतं.

नरहरी चुरी ओटीवर बसून दोन्ही हातांची बोटं गरम पाण्याच्या पातेल्यात शेकत होता. माणूस अडुसष्ट वर्षांचा. अणुवीज केंद्रात तेहतीस वर्षं फिटर होता. ज्या बोटांनी मोहरीएवढे स्क्रू फिरवले, ती बोटं आता सकाळी चहाचा कप धरायलाही कां-कूं करत. अंगणाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्याची लाल गाडी उभी होती. दोन सीटची, बिनछपराची, इंग्लंडात बनलेली आणि नरहरीपेक्षा फक्त आठ वर्षांनी लहान. तीस वर्षांपूर्वी भंगारवाल्याकडून तिचा सांगाडा त्याने टेम्पोत घालून आणला, तेव्हा अख्खं शिरगाव हसलं होतं. बायको तेवढी हसली नव्हती. मंदाने पदर खोचला आणि विचारलं, "मी काय धरू?"

तेव्हापासून ती धरतच राहिली. बॅटरी धरली, पाने धरले, तोंडही धरलं. कारण नरहरीचा स्वभाव म्हणजे चुलीवरचं दूध, नजर हटली की बाहेर. मंदा जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

गेल्या महिन्यात शेजारच्या माहीम गावाच्या वळणावर जुनं स्टिअरिंग त्याच्या बोटांतून सुटलं. होतंच ते तसं, परातीएवढं मोठं आणि बांगडीसारखं बारीक. गाडी कुणाच्या तरी कुंपणात शिरली. फक्त चार मेंदीची झुडपं मेली, पण बातमी बंगळुरात मुलीच्या कानावर गेली. दिशा फोनवर रडली, मग चिडली, आणि तिनेच निमेशचा नंबर शोधून पाठवला. त्याचा बोईसरला कारखाना होता आणि जुन्या गाड्यांचं वेड होतं.

"नवीन स्टिअरिंग बसवतो," नरहरीने तिला सांगितलं. "लहान, जाड, चामड्याचं. बोटं नीट वळतील असं. रविवारच्या आत मी स्वतः गाडी चालवत समुद्र गाठला, तर गाडी राहील. नाही जमलं, तर निमेश घेऊन जाईल."

"नक्की?"

"मी कधी शब्द फिरवलाय?"

फिरवला नव्हता, हेच तर अवघड होतं. घरात आता त्याच्याशी बोलणारं असं काही उरलं असेल, तर ती गाडीच. ती सुरू व्हायला नकार द्यायची, तेवढंच कुणीतरी त्याला नाही म्हणायचं.

स्टिअरिंग कुरिअरने आलं. सुंदर होतं. पण मधला गोळा, ज्याला बॉस म्हणतात, तो स्टिअरिंगच्या दांड्यावर बसेना. दात्यांचा मेळ नव्हता. नरहरी तो घेऊन कुंभवलीला रामकिसनच्या लेथवर गेला. रामकिसनने दोन दिवस खपून पोलादाचा नवा बॉस कातला, आतून दाते पाडले आणि हातात देताना म्हणाला, "काका, दाँत बराबर बैठ गया, तो समझो गाड़ी आपकी।"

दाते बसले, पण पुढचं काम एका माणसाचं नव्हतं. जुनं स्टिअरिंग काढताना नरहरीने रीतीप्रमाणे दांड्यावर खूण केली होती, आणि मग ग्रीस पुसता पुसता स्वतःच ती पुसून टाकली होती. आता पुढची चाकं अगदी सरळ कधी झाली, हे बघायला कुणीतरी गाडीसमोर उभं राहायला हवं. ते "बस" म्हणेल, तेव्हा हात थांबवायचे, सैल ठेवलेलं स्टिअरिंग उपसायचं आणि सरळ करून परत दात्यांवर बसवायचं. एक दाता जरी चुकला, तरी गाडी सरळ पळत असताना स्टिअरिंग मान वाकडी करून बसतं.

हे समोर उभं राहायचं काम मंदाचं होतं. तिची भाषाही ठरलेली. डावं-उजवं ती म्हणत नसे; गावाच्या एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला पालघर. "दर्याकडं… अजून थोडं दर्याकडं… आता पालघरकडं, किंचित… बस." दर्याकडं म्हटलं की नरहरी डावीकडे फिरवायचा, पालघरकडं म्हटलं की उजवीकडे. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नाही.

अकरा वाजता प्रेमला आली. ही शेजारच्या कोळीवाड्यातली. मंदाच्या वेळेपासून रोज दारावर मासे घेऊन यायची. आता नरहरी एकट्यापुरते चार बोंबील घ्यायचा आणि ती ते निवडून द्यायला उगाचच दहा मिनिटं लावायची.

"प्रेमला, टोपली ठेव खाली. जरा गाडीपुढं उभी राहा."

"मी? मला काय कळतं गाडीतलं?"

"चाकं सरळ झाली की बस म्हण. मंदा म्हणायची तसं."

गाडीचं नाक आणि शेडची मागची भिंत यांच्यामध्ये हातभर जागा होती. प्रेमला तिथे अंग चोरून उभी राहिली. दोन्ही बाजूंना पत्रा, अंधुक उजेड. नरहरीने स्टिअरिंग धरलं. जाड चामडं बोटांना बरं वाटलं.

"दर्याकडं घ्या, भाऊ," ती म्हणाली.

किती दिवसांनी त्या शेडमध्ये कुणी दर्याकडं म्हटलं! नरहरीने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

"दर्याकडं, दर्याकडं!"

त्याने आणखी डावीकडे घेतलं.

"अवो, उलटं चाललंय! दर्याकडं सांगते ना!"

"मग काय करतोय मी?" दूध उतू गेलं. "डावं-उजवं तरी कळतं का तुला? समोर उभं राहून नुसतं बोलायचं, तेवढंही जमत नाही!"

प्रेमलाने पदर सावरला. भिंतीला घासत बाहेर आली, टोपली डोक्यावर घेतली आणि निघून गेली. बोंबील न देताच.

नरहरी दिवसभर तणतणत राहिला. उरलेला वरण-भात गिळला. मग पुन्हा जाऊन गाडीत बसला, कारण दुसरीकडे कुठे बसायचं तेही त्याला सुचत नव्हतं. चारच्या सुमाराला पत्र्यातल्या एका भोकातून ऊन आलं आणि त्याच्या खांद्यावर पडलं. उजव्या खांद्यावर.

चारचं ऊन समुद्राच्या बाजूने येतं. म्हणजे समुद्र उजवीकडे होता.

त्याने उजवा हात उन्हात धरून बघितला. मंदा होती तोवर गाडी नेहमी उलटी, मागून ती "बस" म्हणेपर्यंत मागे मागे घेत शेडमध्ये घालावी लागायची, नाक दाराकडे, म्हणजे उत्तरेकडे. "गाडीचं तोंड देवीकडं पाहिजे," हा तिचा हट्ट. देवी म्हणजे डहाणूची महालक्ष्मी. नरहरी त्यावरून तिची यथेच्छ टिंगल करायचा, पण देवीचं नाव निघाल्यावर वाद घालायची हिंमत त्याच्यात नव्हती. ती गेल्यावर त्याने तो खटाटोप सोडला आणि गाडी सरळ आत घालायला लागला. समुद्र तिथेच होता. गाडी फिरली होती आणि त्याचे हात जुन्याच सवयीने डावीकडे गेले होते.

आणि मग त्याला अगदी पहिलं वर्ष आठवलं. मंदा समोर उभी राहून "डावीकडे" म्हणाली होती, चाकं भलतीकडेच वळली होती, आणि तो भंगारवाल्याच्या माणसांदेखत ओरडला होता, "तुला डावं-उजवं कळत नाही का?" त्यानंतर तिच्या तोंडून ते शब्द कधी आले नाहीत. तिचा दर्या तेव्हापासूनचा. देवीही तेव्हापासूनचीच.

बिचारीला डावं-उजवं कळत नव्हतं, असं त्याच्या मनात आलं. माझ्या ओरडण्याच्या भीतीने तिने समुद्र आणि देव कामाला लावले, आणि मला तीस वर्षांत त्याचा पत्ता नाही. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ही लाज सांगायला घरात कुणीच नाही, याचं जास्त वाईट वाटलं.

शुक्रवारी प्रेमला आळीतून गेली, पण त्याच्या फाटकाशी थांबली नाही. शनिवारी सकाळी नरहरीने स्टिअरिंग वाकडं तर वाकडं, पण आवळून बसवलं. गाडी बाहेर काढली आणि चार खेपा पुढे-मागे करत उलटी आत घातली. मागच्या भिंतीच्या भीतीने नाक चांगलं दोन हात दाराबाहेर राहिलं. मग चपला घालून तो कोळीवाड्यात गेला.

प्रेमला बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालत होती. दोन दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि काठीवर टांगायचे, हात थांबत नव्हते.

"चूक माझी होती," नरहरी म्हणाला. हे वाक्य त्याने आयुष्यात फार वापरलं नव्हतं, त्यामुळे ते जरा मोठ्यानेच आलं. आजूबाजूच्या चार बायकांनी वळून बघितलं. "गाडीचं तोंड उलटं होतं. आता देवीकडं केलंय."

"मग हरकत नाय," प्रेमला म्हणाली. "येते दुपारी."

"मंदालाही मी असाच ओरडलो होतो. तिला डावं-उजवं कळायचं नाही, म्हणून ती दर्या म्हणायची. मला परवा कळलं."

प्रेमलाचे हात थांबले. तिने त्याच्याकडे नीट बघितलं, सांगावं की सांगू नये अशा नजरेने.

"बायला कळत नव्हतं? भाऊ, तिला सगळं कळत होतं. ती समोरून तुमचंच डावं सांगायची. तुमी समजायचे, ती तिचं डावं सांगतेय, आणि उलटं फिरवायचे. वर तिलाच ओरडायचे."

नरहरीने काठीवरचा एक बोंबील उगाच सरळ केला.

"मी बोलले होते तिला, सांगत का नाय नवऱ्याला? ती हसली. म्हणे, सांगून काय, चिडला की त्याला डावं-उजवं सुचत नाय, आणि चूक दाखवली तर दोन दिवस जेवत नाय. दर्या बरा, तो कुणासाठी जागा सोडत नाय. गाडी तेवढी एका तोंडाने उभी राहिली पाहिजे, म्हणून देवीचं नाव घेतलं." प्रेमलाने दोन बोंबील काठीवर टाकले. "तुमी देवीचं ऐकता."

दुपारी ती आली. उजेडात गाडीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पालघरकडं… अजून… आता दर्याकडं, थोडं… बस." नरहरीने स्टिअरिंग उपसलं, सरळ धरलं, दात्यांवर बसवलं आणि नट आवळला. आवळताना बोटं कळवळली, पण पान्याने ऐकलं.

"चल, समुद्रापर्यंत एक चक्कर," तो म्हणाला.

प्रेमलाने डावीकडची सीट बघितली. "नाय भाऊ. ती जागा बायची. तुमी जा." तिने चार बोंबील कागदात बांधून ओट्यावर ठेवले आणि ती गेली.

तो एकटाच गेला. गावच्या किल्ल्यावरून, सुरूच्या बनाकडे. स्टिअरिंग नाकासमोर सरळ होतं. वळणावर बोटं चामड्यात घट्ट रुतली, सुटली नाहीत. वाळूच्या कडेला त्याने गाडी थांबवली आणि निमेशला फोन करून सांगितलं की उद्या येऊ नको, गाडी विकायची नाही. मग दिशाला सांगितलं. ती म्हणाली, "बरं बाबा, पण एकटे फार लांब जाऊ नका." तो बरं म्हणाला. एकट्याशिवाय जायचं कसं, हे त्याने विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर तो डावीकडच्या सीटकडे वळला. "मंदे, मला कळत नव्हतं गं," तो म्हणाला. "तुला नाही. मला." सीटचं रेक्झिन मध्यभागी अजूनही जरा खोलगट होतं. समोर ओहोटी लागली होती आणि लांबवर दोन होड्या रुतून बसल्या होत्या.

घरी येऊन त्याने गाडी फाटकात वळवली, तोंड देवीकडे केलं आणि मागे मागे घेऊ लागला. आता नाक बाहेर राहायला नको होतं. तो मान वळवून अंदाजाने येत राहिला, हळूहळू, कान मागे लावून. मागून कुणी "बस" म्हणालं नाही. गाडी भिंतीला टेकली, तेव्हाच थांबली.