दुसरी मांडणी घ्यायची नाही

सन २००४, डिसेंबर महिना, ऐन हिवाळा. भाताची झोडणी नुकतीच आटोपली होती. मी उंबरमाळीच्या देवकीबाईंच्या स्वयंपाकघरातील मांडणी बोलते आहे. मुरबाडच्या जयराम सुताराने मला सागवानात घडवले. माझ्या फळीवर आठ डबे एका ओळीत बसतात. तांदळापुढे नाचणीचे पीठ, त्यापुढे वाल, मग तूर, शेवटी उडीद; अधूनमधून तीन डबे रिकामे. देवकीबाई न पाहता हात घालतात.

त्यांची कन्या समीक्षा शहापूरला संगणकाच्या वर्गास जाई. एका प्रश्नावर ती दोनदा नापास झाली होती. संख्यांच्या ओळीतील शून्ये शेवटी न्यायची, बाकीच्यांचा क्रम मोडायचा नाही आणि दुसरी ओळ वापरायची नाही. आठ जानेवारीला तिसरी परीक्षा होती. तीही हुकली, तर वर्गातून नाव कमी होणार होते.

एके सकाळी तिने माझे तीन रिकामे डबे शून्ये मानले. रिकामा दिसला की शेवटच्या भरलेल्याशी अदलाबदल! शून्ये शेवटी गेली खरी; परंतु देवकीबाईंनी भाकरीसाठी तांदळापुढचा भरलेला डबा परातीत उपडा केला आणि उडीद खडखडले.

"गो समीक्षा, उडदाच्या भाकऱ्या थापू काय?"

"आई, मग सगले डबे खाली काढून लावते."

"खाली? धान्याचा डबा भुईला टेकवायचा नाय. सरक."

त्यांनी रिकाम्या डब्यांसह क्रम पूर्ववत केला. मग पहिल्या रिकाम्या जागेवर डावा हात ठेवला. उजवा हात पुढे सरकला, भरलेला डबा भेटताच दोन्ही डबे आपसांत बदलले आणि डावा हात एक घर पुढे गेला. असे करत ओळ संपली तेव्हा उडीद पाचवा होता आणि मागे तिन्ही रिकामे.

"आई, परत कर!" समीक्षाने वही ओढली.

आठ जानेवारी २००५, शनिवार. समीक्षा धावतच घरात शिरली.

"पास झाले! वर्गाच्या हरेश सरांनी इचारलं, कुठल्या पुस्तकातून शिकलीस? म्हटलं, आमच्या मांडणीवरून. आता सर म्हणतात, मांडणी वर्गात आणा, पोरींना दाखवू."

"मांडणी कुठं नाय जायची. पोरींनाच घेऊन ये," देवकीबाईंनी निकाल दिला.

सोमवारी सहा मुली येणार आहेत. त्यांचे स्वागतच आहे. माझी विनंती एवढीच, की डब्यांना हात लावण्यापूर्वी तो स्वच्छ धुवावा.