मंगळवारची देवी

पुंजाजीनं दारातल्या बायांची गर्दी दोन्ही हातांनी बाजूला सारली आणि ओसरीवर येऊन तो जागीच थिजला. समोर पाटावर त्याची वच्छी बसली होती, पंधरा वर्षांची पोर. कपाळभर कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. मान डाव्या खांद्याकडे पिरगळलेली, बुबुळं वर चढून डोळ्यांचं नुसतं पांढरं दिसत होतं. शेजारची तुळसाबाई तिच्या पायांवर डोकं ठेवून विनवत होती,

"माय, माह्या लेकाचा ताप उतरव व!"

चार महिन्यांमागं ही पोर भिंतीशी भांडायची, मधेच उठून विहिरीकडे धावत सुटायची. तेव्हा याच तुळसाबाईनं तिला पाहून धाडकन दार लावून घेतलं होतं.

"उठा!" पुंजाजी ओरडला. "घरी जा सगळ्या! देवी नाई, काई नाई, औषधानं झालं हे!"

"असं बोलू नये, भाऊजी," तुळसाबाई कानाला हात लावत म्हणाली. पण बाया पांगल्या.

नागपूरच्या डॉक्टरनं नवीनच निघालेल्या गोळ्या दिल्या होत्या, सकाळी एक, सांजेला एक. बडबड थांबली, पोर रात्रभर झोपू लागली. मग एका मंगळवारी तिची मान अशीच वळली. सोजरबाईनं, वच्छीच्या आईनं, घाबरून देवीला नारळ कबूल केला आणि तेवढ्यात गावानं देवी ठरवूनही टाकली. पुढच्या दोन्ही मंगळवारी तेच झालं. पुंजाजीला काही ते पटेना. रविवारी आसेगावहून निघून त्यानं नागपूर गाठलं, तो आज मंगळवारी परत येत होता.

त्यानं पिशवीतली पुडी सोडली, मान सुटायला डॉक्टरनं दिलेली बारकी पांढरी गोळी कुटून पाण्यात कालवली आणि पोरीच्या दातांआड चमच्यानं सोडली. सोजरबाई पदर तोंडात धरून पाहत राहिली. तासाभरात मान सैल झाली, बुबुळं खाली आली. वच्छी हुंदके देत मानेवर हात फिरवू लागली.

मग तो बायकोकडे वळला.

"तू हिले किती गोळ्या देऊन राह्यली?"

"सकाळी एक, सांजी एक. तुमची आन."

"डॉक्टर म्हने, इतक्यानं मान सहसा पिरगळत नाई. गोळी जास्त जात असंन, म्हने."

सोजरबाईनं शिंक्यावरचा डबा काढून त्याच्यापुढे आपटला. पुंजाजीनं गोळ्या मोजल्या. परत मोजल्या. आठवड्याच्या हव्या होत्या, त्या दोन दिवसांच्याही उरल्या नव्हत्या.

"देवीसाठी पोरीले औषध पाजतं का व? काई लाज?"

"मी नाई हो! मी कायले पाजू?" सोजरबाई रडकुंडीला आली.

"मायले नका बोलू, बाबा." वच्छीचा आवाज जड होता, जीभ अजून पुरती वळत नव्हती. "पयल्यांदा आपसूक झालं. मंग मीच जास्तीच्या खातो. मंगळवारी सकाळी."

पुंजाजी झपकन तिच्याकडे वळला.

"येडी का तू?" पुंजाजीच्या तोंडून निघून गेलं.

वच्छीनं गळ्यातली माळ काढून मांडीवर ठेवली.

"मान लय दुखते, बाबा. पन त्या दिवशी मले कोनी असं म्हनत नाई. तुळसाकाकू पाया पडते. पोरी जवळ बसतात." माळेतलं एक फूल खुडत ती म्हणाली, "देवी अंगात हाय तवर तुमीबी म्हनत नाई."

पुंजाजीला खाली बघवेना, वर बघवेना. त्यानं गोळ्या डब्यात भरल्या आणि डबा धोतराच्या सोग्यात घट्ट बांधला. सोजरबाई ओल्या फडक्यानं पोरीच्या कपाळावरचं कुंकू पुसायला लागली. कुंकू सगळं निघेना.

कुंपणापलीकडे तुळसाबाई अजून घुटमळत होती. पुंजाजी तरातरा उठून तिथवर गेला.

"वहिनी, उद्या या ना घरी. चहा घ्याले. वच्छीसंगं बसा घटकाभर."

तुळसाबाईनं त्याच्याकडे नवलानं पाहिलं.

"उद्या कायले, भाऊजी? उद्या त बुधवार हाय."