मंजिरीच्या शिकवणीची खुर्ची

मी शिकवणीची खुर्ची बोलतेय. मास्तर नव्हे, नुसती खुर्ची. पण मास्तर लोकांविषयी मला जे ठाऊक आहे ते त्यांच्या बायकांनाही ठाऊक नसेल.

माझा जन्म इंदूर दरबारच्या सुतारखान्यात झाला. अंग सागवानी, बैठक वेताची. पुढची पंधरा वर्षं मी पागेच्या कचेरीत काढली. तुम्ही माणसाचं तोंड बघून पारख करता. माझ्या वाट्याला दुसरी बाजू येते आणि तिला खोटं बोलता येत नाही. ज्याला काम करायचंय तो पुढे सरकून बसतो आणि ज्याला मान हवाय तो ऐसपैस पसरतो.

मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत आलं, पागेतले घोडे कुठे गेले देव जाणे. कचेरीतलं सामान लिलावात निघालं तेव्हा तिथे माझ्यावर बसणारे पागेचे कारभारी अप्पासाहेब मला बडा गणपतीजवळच्या आपल्या घरी घेऊन आले. नोकरी गेली तरी त्यांच्या अंगातला दरबार काही उतरला नव्हता. सकाळी ते ओट्यावर असे उभे राहत, की भाजीवालीनंसुद्धा मुजरा करावा. ती बाई वांग्यांची टोपली घेऊन "भटे लो, भटे" करत निघून जाई.

त्यांना एकुलती एक मुलगी, मंजिरी. वय दहा. तिची गल्लीतली शाळा चौथीलाच संपली. पुढे शिकायचं तर मुलींच्या मोठ्या शाळेत जायला हवं, आणि तिथे प्रवेश परीक्षा. अप्पासाहेबांनी जाहीर केलं, "एकदा बसवतो. पास झाली तर शिकेल, नाहीतर घरी शिवण शिकेल." तिची आई इंदुमती दारातून ऐकत होती. तिची स्वतःची शाळा अशाच एका वाक्यात संपली होती.

परीक्षेला दोन महिने होते. कुठलाही शहाणा माणूस आधी शाळेत जाऊन विचारेल, की बाबांनो, परीक्षेत असतं तरी काय? अप्पासाहेब गेले नाहीत. "आजवर लोक आमच्याकडे विचारायला आले," ते म्हणाले. "आता आम्ही कुणाच्या दारात उभं राहायचं?" आणि पागेत माणूस नेमावा तसा त्यांनी मास्तर नेमला, घराणं बघून.

नानासाहेब आले ते पागोट्यासकट आले. सरदारांच्या मुलांना शिकवलेले गृहस्थ. माझ्यावर असे पसरले की माझा वेत कण्हला. "मोडी आली की सगळं आलं," असं त्यांचं मत. झालं, मंजिरी महिनाभर मोडी गिरवत बसली आणि वडीलधाऱ्यांना पाठ न दाखवता खोलीबाहेर कसं जायचं तेही शिकली. नानासाहेब चौथ्या ओळीला डोळे मिटत आणि घोरू लागत. पोर बिचारी आवाज न करता पानं उलटत राही.

इंदुमतीनं लकडा लावला तेव्हा त्यांना शालजोडी देऊन मानानं निरोप दिला आणि दिवाकर मास्तर आले. त्यांना दिवसात पाच घरं करायची असत, त्यामुळे ते माझ्यावर अर्धेच टेकत. उरलेले अर्धे सायकलवर.

"काकाजी, फिकर नका करू," ते म्हणाले. "मागच्या साली अपने सात पोरं बसले, सातच्या सात पास. हे वीस जवाब रटून घ्यायचे. याच्या बाहेरचं काही आलं तर मूंछ काटून देईन."

मास्तरांना मिशा नव्हत्या. ते फक्त मंजिरीच्या लक्षात आलं. तिनं एकदा विचारलं, "सर, हे असं का?" तर म्हणाले, "का-बिका नको विचारू बेटा, टाइम खराब होतो."

तीन आठवडे उरले तेव्हा इंदुमती उठली, टांगा केला आणि एकटी शाळेत जाऊन आली. परतली तेव्हा अप्पासाहेब माझ्यावरच बसले होते.

"अहो, मी विचारून आले. निबंध मराठीत चालेल. गणिताचा पेपर हिंदीत आहे, हिंदी डिक्टेशन वेगळं. मोडी नाहीये."

"आपल्या राज्यात गणित हिंदीत?"

"राज्य गेलं. मंजिरी आहे अजून."

अप्पासाहेब एकदम ताठ झाले, ते मला कळलं. तोंड त्यांनी कसं केलं ते मला दिसलं नाही.

शाळेच्या फाटकात इंदुमतीला यशोधराबाई भेटल्या होत्या. त्या परदेशीपुऱ्याच्या वस्तीत मिलवाल्यांच्या, म्हणजे गिरणी कामगारांच्या, मुलांना शिकवायच्या. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. मी अंग सावरून तयार होते. बाईंनी माझ्यावर छत्री ठेवली आणि स्वतः खाली सतरंजीवर मंजिरीशेजारी बसल्या. मला फार लागलं ते. दरबारातली खुर्ची मी, आणि माझ्यावर छत्री!

त्यांनी एक गणित घातलं. मंजिरीनं खटकन उत्तर लिहिलं.

"हे कशाचं उत्तर, बेटा?"

"माहीत नाही. सात नंबरचं आहे."

बाई हसल्या नाहीत. "पोर हुशार आहे," त्या म्हणाल्या, "पण हिला कुणी बोलूच दिलं नाही. माझ्याकडे पाठवा. आमच्याकडे जो शिकतो, त्याला ते दुसऱ्याला समझवावं लागतं. घरी एकटीला बसवून ते जमायचं नाही."

"मिलवाल्यांच्या पोरांत?" अप्पासाहेब म्हणाले. "खाली जमिनीवर, ताटपट्टीवर?"

"हो," इंदुमती म्हणाली. "मी रोज पोचवीन."

तेव्हापासून मंजिरी दुपारभर परदेशीपुऱ्यात असे. संध्याकाळी घरी आली की आज शिकलेलं कुणाला तरी समजावायचं, असा बाईंचा नेम. आई चुलीपाशी. मग राहिलं कोण?

"अप्पा, बसा. पाटी घ्या. लिखिए, नवासी."

अप्पासाहेबांनी ठासून नव्याण्णव लिहिले.

"गलत. एकोणनव्वद. अप्पा, पागेत तुम्ही घोडे मोजले तरी कसे हो?"

आतून इंदुमती हसल्याचं ऐकू आलं. अप्पासाहेबांनी पाटी पुसली. तिसऱ्या दिवशी ते माझ्यावर चक्क पुढे सरकून बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मंजिरी पास झाली, अकरावा नंबर आला. नानासाहेब गावभर सांगत सुटले, की पाया मोडीचा होता. दिवाकर मास्तरांचा आकडा सातावरून आठावर गेला. यशोधराबाईंना इंदुमतीनं नारळ दिला, तो त्यांनी तिथेच फोडून पोरांत वाटला.

शिकवणी लावणाऱ्या आईबापांनो, एका जुन्या खुर्चीचं ऐका. मास्तर कुठे बसतो ते बघू नका. पोराला तोंड उघडू देतो का, ते बघा. माझ्या पोटावर पाय येतोय, तरी सांगते.

आता माझा वेत मधोमध उसवलाय आणि घरी मास्तर येत नाहीत. तरी रोज साडेपाचला अप्पासाहेब पाटी घेऊन माझ्या पुढच्या कडेवर टेकतात. आज मंजिरी नव्या शाळेतून आली, दारातच थबकली.

"अप्पा, परीक्षा तर झाली ना?"

"तुझी झाली," ते म्हणाले. "माझे अपूर्णांक राहिलेत."

तिनं दप्तर खाली ठेवलंय. पाटी स्वतःकडे ओढलीय.