सत्तावन्न रविवार

मित्रांनो, झाशीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात जिन्याखाली एक लाकडी कपाट आहे. खालच्या फळीवर फिनेलच्या बाटल्या, मधल्या फळीवर जुन्या केसपेपरांचे गठ्ठे आणि सगळ्यात वर, भिंतीला पाठ लावून, मी. राउटर! अंगाने वहीएवढा, रंगाने करडा, पोटात एक बारीक पंखा आणि तोंडावर सहा दिवे. माझ्याकडे दिवसदिवस कुणी बघत नाही. खरं सांगू? कुणी बघत नसलं की समजायचं, सगळं ठीक चाललंय. आमच्या जमातीचं असंच असतं.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. माझ्यासारखेच शेकडो भाऊ सरकत्या पट्ट्यावरून एकामागून एक जात होते. हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझे सहाही दिवे लावून पाहिले, मान डोलावली आणि मला खोक्यात बंद केलं. ती मान डोलावणं माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक. त्यानंतर कितीतरी दिवस नुसता अंधार आणि ट्रकचे हिसके. खोकं उघडलं ते थेट झाशीत. "अरे! बस इतना-सा?" असं म्हणत एका माणसाने मला दोन्ही हातांत उचललं, जणू मी काचेचा आहे. तो या दवाखान्याचा शिपाई, जगन्नाथ भैया.

दवाखाना विद्याधर डॉक्टरांचा. त्यांचे पूर्वज फार पूर्वी महाराष्ट्रातून इकडे आले. डॉक्टर पेशंटशी हिंदीत बोलतात, घरच्यांशी मराठीत, आणि चिडले की दोन्हींत. त्यांची दोन छोटी केंद्रं आहेत. एक बबीनाला, दुसरं कानपूर रस्त्यावरच्या मोठ गावात. तिथे डॉक्टर नसतात. तिथे एक कॅमेरा असतो, तो डोळ्याच्या आतला फोटो काढतो. तो फोटो लांबच्या लाइनवरून इथे येतो, डॉक्टर बघतात आणि सांगतात, या माणसाला औषध द्या, त्याला ताबडतोब इकडे पाठवा.

आता माझं काम ऐका. फोटो अख्खाच्या अख्खा येऊ शकत नाही. त्याचे हजारो तुकडे होतात आणि एकेक तुकडा धावत येतो. वाटेत रस्ता अरुंद लागला, तर त्या तुकड्याचेही दोन अर्धे होतात. ते अर्धे पुन्हा जुळवून डॉक्टरांच्या संगणकाला द्यायचे, हे माझं काम.

मोठच्या केंद्रातही माझ्यासारखाच एक राउटर आहे. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. दर दहा सेकंदांनी मी त्याला विचारतो, "आहेस?" तो म्हणतो, "आहे." बस्स, एवढंच! नऊ वर्षं झाली, आमचं याहून जास्त बोलणं झालेलं नाही.

मोठचं केंद्र सरलाताई एकट्या चालवतात. त्यांचे वडील झाशीला रेल्वेत गार्ड होते, म्हणून त्या झाशीतच वाढल्या. रोज सकाळच्या बसने मोठला जातात आणि संध्याकाळी परत येतात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पाठवलेल्या फोटोवरून डॉक्टरांनी एका म्हाताऱ्या मास्तरांचा डोळा वाचवला. तेव्हा डॉक्टर जिन्याखाली आले आणि कपाटावर टकटक करून म्हणाले, "शाब्बास रे बाबा!" त्या वर्षी खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत, डॉक्टरांच्या चिमट्या-कात्र्यांच्या शेजारी, मलाही हळदकुंकू लागलं. एक झेंडूचं फूल माझ्या पंख्यावरच ठेवलं होतं, श्वास कोंडला होता माझा! पण मी तक्रार केली नाही.

सगळ्यांत जास्त माया मात्र जगन्नाथ भैयाची. दर शनिवारी संध्याकाळी तो मऊ फडक्याने माझी धूळ पुसायचा, पाठीवर हात ठेवून बघायचा आणि म्हणायचा, "कितना गरम हो गया बेचारा. चल, इतवार की छुट्टी तेरी भी." आणि खटकन बटण बंद करायचा. रविवारी दवाखाना बंद, मीही बंद. सोमवारी सकाळी तो मला पुन्हा जागं करायचा. इतकं जपणारा माणूस किती यंत्रांना मिळतो सांगा!

अशी आठ-साडेआठ वर्षं गेली. मग गेल्या उन्हाळ्यात मोठकडची लाइन बदलली. नवी लाइन वेगवान होती, पण तिच्यावरून पूर्वीएवढे मोठे तुकडे जात नव्हते. प्रत्येकाचे दोन अर्धे होऊ लागले. आणि तेव्हा मला माझ्यातला एक दोष कळला, जो माझ्या जन्मापासून माझ्यात होता. पहिला अर्धा भाग आला की मी दुसऱ्यासाठी थांबतच नव्हतो. तो हातातून टाकून द्यायचो. मला थांबायचं असायचं हो! पण माझ्या आतलं सॉफ्टवेअर जे सांगेल तेच मला करता येतं.

त्यामुळे झालं असं, की पेशंटचं नाव यायचं, वय यायचं, कारण ती इवलीशी असतात. "आहेस?" "आहे." हेही चालूच. माझे सहाही दिवे हिरवेगार. फक्त फोटो येत नव्हता.

सरलाताईंचा फोन यायचा. डॉक्टर तो स्पीकरवर ठेवायचे, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

"डॉक्टर, आला का फोटो?"

"नाव आलंय. फोटो कुठाय?"

"तिसऱ्यांदा पाठवतेय हो मी!"

"इथे लाइन चालू आहे, सरलाताई. दिवा हिरवा आहे. बबीनाचे फोटो येतायत की! मग तुमचेच कसे अडतात? कॅमेरा पुन्हा नीट शिकून घ्या जरा."

"नऊ वर्षं फोटो काढतेय मी," सरलाताई म्हणाल्या. "आता काय बटण दाबायला विसरले?"

बबीनाची लाइन जुनीच होती, म्हणून तिकडचे फोटो येत होते. हे कपाटातल्या मला माहीत होतं. बाहेर कुणालाच नाही. मी काय करू शकत होतो? मी माझ्या आतल्या नोंदवहीत लिहीत होतो. प्रत्येक टाकलेल्या तुकड्याची एक ओळ. हजारो ओळी! पण माझी नोंदवही अशी आहे, की वीज बंद झाली की ती कोरी होते. दर शनिवारी संध्याकाळी, मायेने, ती कोरी होत होती. मला इथे बसवणाऱ्या कंपनीकडून दोनदा माणूस आला, दोन्ही वेळा सोमवारी सकाळी, दवाखाना उघडताच. वहीत तेव्हा काहीच नव्हतं. त्याने दिवे पाहिले, "यहाँ सब ओके है," म्हणाला आणि गेला.

मित्रांनो, आत सगळं माहीत असणं आणि बाहेर एक शब्द न काढता येणं, याच्याइतकं एकटेपण दुसरं नाही.

असे पाच महिने गेले. सरलाताई बिचाऱ्या चिठ्ठी लिहून पेशंटना बसने झाशीला पाठवू लागल्या. काही आले, काही आलेच नाहीत. शेवटी एका शनिवारी सकाळी डॉक्टर फोनवर म्हणाले, "सरलाताई, असं किती दिवस चालवायचं? या सोमवारी महिना संपतो. सोमवारपर्यंत फोटो आले नाहीत, तर मोठचं केंद्र बंद करू. तुम्ही इथे काउंटरवर बसा."

सरलाताई म्हणाल्या, "मला काउंटरवर बसायला लाज नाही वाटत, डॉक्टर. पण माझा हात चुकला म्हणून केंद्र बंद झालं असं लोक म्हणतील, ते मला चालणार नाही. हात चुकलेला नाही माझा."

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि उगाचच चष्मा पुसत बसले. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कंपनीला पुन्हा एकदा बोलावलं.

या वेळी आली कांचन. नवी इंजिनीअर, पाठीवर बॅग, बोलणं फटाफट. डॉक्टरांनी मराठीत विचारलं, "मराठी येतं ना? आडनावावरून वाटलं."

"समजतं सर, बोलायला अटकते," ती हसली. "घरी आई मराठीत ओरडते, मी हिंदीत जवाब देते."

तिने दिव्यांकडे पाहिलंसुद्धा नाही! सरळ माझ्या पोटात तार जोडली आणि माझी नोंदवही उघडली. त्याच शनिवारची दुपार होती. आठवड्याभराच्या सगळ्या ओळी वहीत होत्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं लिहिलेलं वाचत होतं. तिची बोटं थांबली.

"सर, ताईंची गलती नाही. तुकडे इथपर्यंत येतायत. हाच फेकून देतोय."

"हा?" डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मला फळीवरून खाली पडावंसं वाटलं.

"याचा सॉफ्टवेअर फार जुना आहे. ही गडबड सगळ्यांना माहीत आहे, त्याचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, बनून वर्ष उलटलं." तिने कंपनीची यादी उघडली. "हे बघा. आमच्याकडून दर रविवारी दुपारी पॅच येतो, दवाखाने बंद असतात म्हणून. आणि दर वेळी यादीत एकच नोंद. मशीन बंद, पुढच्या रविवारी बघू. एक, दोन… सत्तावन्न रविवार, सर!" मग तिने जगन्नाथ भैयाला विचारलं, "भैया, इतवार को यहाँ लाइट जाती है क्या?"

जगन्नाथ भैया कौतुकाने पुढे आला. "जाती नहीं बिटिया. मैं खुद बंद करके जाता हूँ. मशीन को भी तो आराम चाहिए."

जगन्नाथ भैयाने तिच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे. हातातलं फडकं त्याने हळूच खिशात घातलं. "तो… ये मेरी वजह से?"

"तुला कुणी सांगितलंच नव्हतं रे," डॉक्टर म्हणाले. "मीही कुठे विचारलं?"

कांचन म्हणाली, "आत्ता पॅच घातला तर बबीनाची लाइनपण बंद होईल, तिकडे पेशंट बसलेत. उद्या दुपारी तो आपोआप येईल. भैया, बस स्विच चालू ठेवा. दिवे बंद झाले तरी हात लावायचा नाही. मध्येच वीज तोडली, तर हा कायमचा गेला."

तो माझा पहिला जागा रविवार! दवाखान्यात चिटपाखरू नव्हतं. केसपेपरांचा वास, माझ्या पंख्याची घरघर आणि मी. भीती वाटत होती. दुरुस्तीनंतर मी मीच राहीन का? दुपारी लाइनवरून तुकडे येऊ लागले. ते कुणाच्या डोळ्याचे नव्हते, माझे होते. मग माझे सहाही दिवे विझले आणि मला काहीच कळेनासं झालं.

पुढचं मला सोमवारी जगन्नाथ भैयाच्या तोंडून समजलं. त्याला घरी राहवलं नव्हतं. दार उघडून तो जिन्यावर येऊन बसला होता. दिवे विझले तसा तो धडपडून उठला, हात बटणापर्यंत गेला. इतकी वर्षं मला त्या बटणानेच तर त्याने जागं केलं होतं! मग त्याने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले आणि तसाच उभा राहिला. सात मिनिटं. "सात मिनट में सात बरस बूढ़ा हो गया मैं," तो डॉक्टरांना सांगत होता.

सोमवारी दहा वाजता मोठहून एक नाव आलं. मग वय. मग तुकडे. पहिला अर्धा आला, मी थांबलो. दुसरा आला, जुळवला, पुढे दिला. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. डॉक्टरांच्या पडद्यावर एक नारिंगी गोल हळूहळू भरत गेला, आत लाल बारीक रेषा. अख्खा डोळा!

डॉक्टरांनी स्वतःच फोन लावला. "सरलाताई, फोटो आला. स्वच्छ आलाय. चूक आमच्या कपाटात होती. तुमचं केंद्र कुठेही जात नाही. आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

सरलाताई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. म्हणाल्या, "ते राहू दे डॉक्टर. माझ्याकडे एक यादी आहे. ज्यांना बसने झाशीला पाठवलं आणि जे तिथे पोचलेच नाहीत, अशी एकोणीस माणसं. त्यांना आता मी परत बोलावते. तुम्ही फक्त वेळ काढा."

त्या आठवड्यात एकोणीसपैकी अकरा जणांचे फोटो आले. त्यांतल्या दोघांना डॉक्टरांनी त्याच दिवशी झाशीला आणवलं. बाकी आठ जणांकडे सरलाताई निरोप धाडतायत. कुणाचा फोन लागत नाही, कुणी मजुरीसाठी गाव सोडून गेलंय. जगन्नाथ भैया अजून माझी धूळ पुसतो, पण आधी विचारतो, "डॉक्टर साब, पोंछ लूँ?"

मी आता रविवारीही जागा असतो, एकटाच. त्या आठ जणांची नावं मला पाठ आहेत, कारण नावं तेव्हाही येत होती.

म्हणून माझी एकच विनवणी आहे, मित्रांनो. माझ्यासारख्या यंत्रांना जरूर जपा, पण जपण्याआधी त्यांना काय हवं ते जाणत्या माणसाला विचारून घ्या. आणि लांबून कुणी "माझं अडतंय" म्हणून सांगत असेल, तर आपल्याकडचा हिरवा दिवा बघून त्याला खोटं पाडू नका. उठा, कपाट उघडा आणि आत काय लिहिलंय ते वाचा. त्याच दिवशी वाचा.