दोन जयंत्या, एक वर्गणी

नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीत राबायचं आणि झोपायला पावर हाउस वस्तीच्या झोपड्यांत यायचं, अशी मंडळी भिलाईत त्या काळी पुष्कळ होती. भीमजयंती जवळ आली की त्यांच्या खिशावर दोन्हीकडून हात पडायचा. नंदिनीच्या जयंती समितीचा चंपत म्हणे, "कमावता इथं, तं वर्गणी इथंच." पावर हाउसचे अध्यक्ष दौलतराव म्हणत, "अन् रात्रीचे घोरता कुठं?"

हा तंटा मिटवायला पावर हाउसचाच कवडू रामटेके पुढे आला. एका परदेशी कंत्राटदाराच्या कचेरीत तो कारकून होता. पोलादाची भट्टी उभारायला आलेल्या परदेशी फिटरांच्या पगारावर कर कोणी घ्यायचा, त्यांच्या सरकारने की आपल्या, याचा पत्रव्यवहार तो टाइप करी. टाइप करता करता आपल्यालाही करार जमतो, असं त्याला वाटू लागलं होतं. शिवाय यंदा नागपूरहून सासू, गिरजाबाई, यायची होती. लग्नातच ती म्हणाली होती, "जवाई कागदं खरडते, दुसरं काय." तिच्यादेखत मंचावरून आपलं नाव पुकारलं जावं, एवढंच कवडूला हवं होतं.

चहाच्या टपरीवर दोन्ही समित्या बसल्या. कवडूने कलम वाचलं: एकीकडे देईल त्याला दुसरीकडे माफी.

"देल्ली हे समजन कसं?" दौलतरावांनी विचारलं.

"पावती दाखवन न."

चंपत दुखावला. "आपल्या माणसाले पावती मागाची? सावकार आहो काय आपुन?"

दौलतरावांनी मान डोलावली. आजवर कशावरच न जुळलेले दोघे इथे जुळले, या आनंदात कवडूने पावतीची ओळ स्वतःच्या हाताने खोडली.

मग झालं काय, पावर हाउसात विचारलं की माणूस म्हणे, "नंदिनीत देल्ली." नंदिनीत म्हणे, "घराकडं देल्ली." वर हसून जयभीम. दोन्ही समित्यांकडे जमलेल्या पैशांत मिळून पताका तेवढ्या झाल्या. जेवणाच्या तांदळाचा पत्ता नाही.

गिरजाबाई आली. जेवताना कवडूने तिला अख्खा करार समजावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे पहिले माणूस दोनदा देत होता, आता एकदाबी देत नाही. मोठं काम केलं, जवाईबापू."

दुसऱ्या दिवशी खाणीचा ट्रक थांबतो तिथे ती पोतं पसरून बसली. एका बाजूला दौलतराव, दुसऱ्या बाजूला नंदिनीहून बोलावून घेतलेला चंपत.

पहिला मजूर उतरला. "मी नंदिनीत देल्ली, मावशे."

"हा नंदिनीचाच बसला आहे न. सांग याले."

त्याने चंपतकडे पाहिलं, चंपतने पोत्याकडे. मागच्यांनी मग ती सबब काढलीच नाही. कोणी पैसे टाकले, कोणी घरून तांदूळ आणले. अंधार पडेस्तोवर पोतं भरलं.

कवडू खुशीत हिशेब मांडू लागला, तर सासूने हात पुढे केला.

"मी देल्ली, आई. इथं."

"अन् नंदिनीची? पावतीची ओळ कोणी खोडली?"

कवडूने मुकाट्याने दुसऱ्यांदा पाकीट काढलं.

जयंतीला मंचावरून दौलतरावांनी खरोखर त्याचं नाव पुकारलं. "आपल्या दोन्ही समित्यांले वर्गणी देणारा एकच माणूस, कवडूभाऊ रामटेके."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात गिरजाबाईने वाजवल्या.