ठाऊक होतं तर बोलायचं

माझं भरतकामाचं मशीन कंपनीच्या अपडेटने बंद पाडलं, आणि ते बंद पडणार हे कंपनीला ठाऊक होतं. हे आधीच सांगून टाकते, नंतर माझं डोकं ठिकाणावर राहणार नाही.

भुईगावात लग्नाच्या गाऊनवर भरतकाम करायचं तर लोक क्रिस्टीनाचं, म्हणजे माझं घर विचारत येतात. नक्षी मी कम्प्युटरवर काढते, मशीन ती कापडावर भरतं. भाचीचा, जॉयसचा गाऊन मशीनवर लावलेला असताना सूचना आली: नवं सॉफ्टवेअर घ्या, काम झपाट्याने होईल. मी भोळसट, घेतलं. त्यानंतर कम्प्युटरवरून मशीनला काही कळेचना, आणि जुनं सॉफ्टवेअरही परत बसेना.

कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "हो मॅडम, तुमच्या मॉडेलला नवं व्हर्जन चालत नाही. आमच्याकडे तशा तक्रारी आल्यात."

"मग सूचनेत तसं लिहिलं का नाही?"

"तुम्ही आधी विचारलं नाही ना, मॅडम."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवताना मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग कंपनीचा एजंट मितेश घरी आला. नवं मशीन फुकट देतो म्हणाला, फक्त मी कुठे बोलायचं नाही. "रविवारी तुमच्याच चर्चच्या हॉलमध्ये आमचा प्रोग्रॅम आहे. आसपासच्या गावांतल्या, राजोडी, उमेळ्याच्या बायका येतील, तिथेच सगळ्यांना नवं व्हर्जन टाकून देऊ. तोपर्यंत जरा सांभाळून घ्या."

"त्यांची मशीनंही जुनीच आहेत की."

"ते नंतर बघू ना," असं म्हणून तो निवांत चहा प्यायला लागला.

तो गेल्यावर माझा नवरा लेस्टर म्हणाला, "घे गं ते मशीन. गाऊन अर्धा पडलाय, गावाची उठाठेव तुला कशाला?" खरं सांगते, माझं मन डळमळलं. मशीन नसेल तर माझा धंदा बसला, हे मला काय कुणी वेगळं सांगायला हवं होतं?

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर हॉल भरला. मितेशने पडद्यावर रंगीबेरंगी फुलं दाखवली आणि सगळ्यांना लॅपटॉप उघडायला सांगितले. पुढच्या रांगेत राजोडीची जोआनामावशी होती. तिचं मशीन माझ्याच मॉडेलचं, आणि अख्खं घर त्यावर चालतं. तिने बटण दाबायला बोट पुढे केलं आणि मला राहवलं नाही.

"थांबा! कुणी काही दाबू नका! माझं मशीन यानेच बंद पडलंय, भाचीचा गाऊन अर्धवट अडकलाय!"

मितेशचा चेहरा पडला. "मॅडम, आपलं बोलणं झालं होतं."

"मी हो म्हटलं नव्हतं. मितेश, हॉल आमचा घेतलास ना, मग आमची रीतही ऐक. शेजारच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार नवरा-नवरीची नावं पुकारतात. या लग्नात अडचण कुणाला ठाऊक असेल तर त्याने पुढे येऊन सांगायचं. मला कुणी विचारलं नाही, ही सबब तिथे चालत नाही. तुझ्या कंपनीला अडचण ठाऊक आहे. हे कुठल्या मशीनांना चालत नाही? पुकार, सगळ्यांसमोर!"

"हेड ऑफिसला विचारावं लागेल," तो पुटपुटला.

जोआनामावशीने लॅपटॉप खाडकन मिटला. "इचारून ये. तोवर कोनीच हात लावनार नाय."

बाकीचेही लॅपटॉप मिटले. मितेश फोन घेऊन बाहेर गेला आणि घाम पुसत आत आला. मग माईकवर तो मॉडेलं वाचू लागला. प्रत्येक नावाला कुणीतरी "अरे, हे तर माझं!" म्हणून ओरडत होतं. शेवटी बायकांनी त्याला असा घेरला की तो मला दिसेनासा झाला.

निघताना तो माझ्याजवळ येऊन दात-ओठ खात म्हणाला, "फुकटचं मशीन विसरा आता."

"विसरले. आणि दुसऱ्या गावात हीच नावं आधी वाच, नाहीतर तिथेही येईन मी."

घरी आले आणि अर्धवट गाऊन बघून मात्र रडू फुटलं. लेस्टरने पाणी आणून दिलं. डोळे पुसतेय तोच जोआनामावशीचा फोन आला. माझा आवाज ऐकून ती म्हणाली,

"रडतेस काय? पोरीचा गाऊन घेऊन ये इकडं. माजं मशीन चालू हाय."